पाण्यात वीस टक्के हायड्रोजन

३ जून, सकाळ
जाग आली ती कानात तोच ठोका घेऊन. आमचे मास्तर टेबलावर डस्टर आपटून ताल धरायचे आणि आम्ही पन्नास पोरं एका सुरात कविता म्हणायचो. साठ वर्षं झाली, ओळन् ओळ पाठ आहे. आणि नातीला दोन महिन्यांपूर्वीचं रसायनशास्त्र आठवत नाही! नववीत विज्ञानात उडाली. सतराला फेरपरीक्षा. त्यातही गेली तर मैत्रिणी दहावीत आणि ही पुन्हा नववीत. रडून रडून डोळे सुजलेत. सूनबाई शिकवणी लावू म्हणत होत्या. म्हटलं, घरात मी आहे की. मुलगा म्हणाला, बाबा, कविता वेगळी, केमिस्ट्री वेगळी. दुर्लक्ष केलं.
संकल्प : रोज दोन तास. डुलकी नाही.

४ जून
डुलकी लागली. उकाडा फार.

६ जून
धडा समजला. संयुगात कोणतं मूलद्रव्य किती टक्के, एवढंच काढायचं. मूलद्रव्याचं वस्तुमान भागिले एकूण वस्तुमान, गुणिले शंभर. पण आकडे केवढाले! नात तिथेच अडते.

दुपारी चार
शोध लागला! कार्बनचा अणुक्रमांक सहा, वस्तुमान बारा. ऑक्सिजन आठ, सोळा. म्हणजे सगळीकडे दुप्पट. वरही दुप्पट, खालीही दुप्पट, मग ते ओझं वाहायचं कशाला? सरळ क्रमांकच घ्यावेत. कार्बन डायऑक्साइड : कार्बनचे सहा, दोन ऑक्सिजनचे सोळा, एकूण बावीस. कार्बन २७.२७ टक्के. पुस्तकातही २७.२७! लगेच कविता केली :
कार्बन सहा, ऑक्सिजन आठ,
इवले आकडे करा पाठ.

८ जून
मीठही जुळलं. सोडिअम ३९.३. नात म्हणाली, आजोबा, इतके दिवस कुठे होता हो तुम्ही? (इथेच. कोपऱ्यातल्या खुर्चीत.)

१० जून
आज पाणी. दोन हायड्रोजनचे दोन, ऑक्सिजनचे आठ, एकूण दहा. हायड्रोजन वीस टक्के, ऑक्सिजन ऐंशी. काय देखणं उत्तर! पुस्तकात मात्र ११.११. नात म्हणाली, आपलं चुकलं का? म्हटलं, बाळ, पुस्तकं माणसंच छापतात. वीस आणि ऐंशी मिळून शंभर होतात की नाही? झालं तर! तिने पुस्तकातला आकडा खोडला. पेनने.

जेवताना
हायड्रोजनचं वस्तुमान एकदा बघावं का? उद्या.

१२ जून
नात आज गुणगुणत वेणी घालत होती. अशा वेळी तक्ता काय उघडायचा!

१६ जून
उघडला. हायड्रोजन : क्रमांक एक, वस्तुमानही एकच. दुप्पट नाही. धड्यातल्या सगळ्यांत नेमका हाच हट्टी.
नातीला सांगायला गेलो. ती आरशासमोर उभी राहून माझी कविता म्हणत होती. चेहऱ्यावर भीती म्हणून नाही. तसाच मागे फिरलो. आणि उद्या हायड्रोजनच कशाला येईल? शंभरावर मूलद्रव्यं आहेत.

१७ जून
आला. अमोनिया आणि मिथेन, दोन्हींत. नात म्हणाली, नायट्रोजन सत्तर, कार्बन साठ, किती सरळ उत्तरं आली, आजोबा! मी छान म्हटलं. सूनबाईंनी न मागता दुसरा चहा दिला. तो पिववेना.

२० जून, दुपार
नात शाळेतून आली ती खोलीत, आतून कडी. दोन मार्कांनी गेली. सूनबाई दार ठोठावतायत.
संकल्प : चार वाजता सगळं कबूल करायचं.

साडेचार
मुलगा आला की एकदमच सांगू.

पाच
बेल वाजली. मुलगा असेल म्हणून उघडलं, तर नातीच्या विज्ञानाच्या बाई, हातात उत्तरपत्रिका. म्हणाल्या, दोन्ही गणितं साफ चूक, पण अशी चूक करायलाही डोकं लागतं! माझी छाती फुगली. ‘ते डोकं माझं’ असं तोंडातून निघणारच होतं. तेवढ्यात त्या म्हणाल्या, तुमची नात शपथेवर सांगते, पद्धत तिचीच, घरी कुणीही शिकवलेलं नाही. खरं असेल तर मुख्याध्यापक तोंडी परीक्षा घेऊन पास व्हायची आणखी एक संधी द्यायला तयार आहेत. फक्त घरच्या मोठ्या माणसाने तसं लिहून द्यायला हवं.
पेन आणतो म्हणून आत आलोय. कडी निघाल्याचा आवाज आला, नात बाहेर आलीय. बाई दारातच उभ्या आहेत. विचारतायत, आजोबा, सापडलं का पेन?
पेन हातात आहे. त्यानेच हे लिहितोय.