लघुग्रहाचा रंग

रामवाडी, पेण. सोमवार, १२ ऑगस्ट १९९६

सुमनच्या प्रश्नाला उत्तर देता आलं नाही, म्हणून लिहायला बसले.

शेजारची सुमन गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करते. निवृत्त झाले तरी शाळेचं विज्ञान प्रदर्शन माझ्याच गळ्यात. त्यासाठी तिच्याकडून शाडूचा लघुग्रह करून घेतला. मंगळ-गुरूमधल्या लघुग्रहांच्या पट्ट्याच्या बाहेरच्या कडेचा. कोळशासारखा काळा, किंचित तांबूस. तिनं त्यावर सोनेरी हात फिरवून आणला! मी रागावले.

"बाई, एवढा काळा द्यायला हात नाय धजत."

"तो तसाच आहे. म्हणून तर सहजी दिसत नाही."

संध्याकाळी पुन्हा रंगवून आणला. आता बरोबर. काळा, किंचित तांबूस.

"पट्ट्यात हजारो हायत म्हणता, मग ह्याला शेजारी नाय?"

"आहेत. पण इतके लांब, की एकाचं दुसऱ्याला कळत नाही."

"गेल्या आठवड्यात तुम्ही तापानं पडलेलात, ते मला तरी कुठं कळलं? भिंतीला भिंत हाय आपली. दार लॅचनं बंद. असं का करता, बाई?"

सवय, शिस्त... काय सांगायचं?

ती चहा न घेता निघाली. मीच हाक मारून थांबवलं.

मिळाला: लघुग्रह, एक.
दिली: घराची दुसरी किल्ली, सुमनच्या हातात.