त्र्यंबकची चिठ्ठी

८ जाने., बुध.
पाचला उठले. सातला ग्रुपची बुधवारची मीटिंग, हॉटेलच्या वरच्या हॉलमध्ये. उपमा गार, चहा गोडमिट्ट. चाळीस धंदेवाले, प्रत्येकाला उभं राहून एक मिनिट. नऊ वर्षं मी तेच म्हणतेय, 'शैला आहेर, अंबड, द्राक्षांची खोकी.' सगळ्यांना पाठ झालंय. कंटाळा आला बाई स्वतःचाच.
अध्यक्षांनी एक नवीन पोरगी गळ्यात घातली. प्रज्ञा गांगुर्डे. तीन महिने तिला मी धंद्याचं शिकवायचं, मग ग्रुपमध्ये घ्यायचं का ते ठरणार. म्हटलं, सीझन तोंडावर आलाय, नको. 'ताई, तुमच्यासारखं दुसरं कोण आहे?' असं कुणी म्हटलं की मी फसतेच.

११ जाने., शनि.
नाशिक रोडला प्रज्ञाकडे. वडील नोटांच्या प्रेसमधून रिटायर, घरामागची खोली त्यांनी तिला दिलीय. पुठ्ठा कापायचं एक जुनं पंचिंग मशीन, ती, आणि घड्या घालायला आई. मिठाईचे छोटे डबे करते. काम काय स्वच्छ! एक कड फाटलेली नाही.
त्र्यंबकला एक पेढेवाला डबा बदलणार आहे, ते काम तिला हवंय. अजून कुणाला बोलली नाही, मलाच पहिल्यांदा. ते मिळालं तर धंदा धरून ठेवायचा. नाहीतर वडील म्हणतात, बास झालं, शाळेत क्लार्कची जागा आहे ती घे.
मी म्हटलं, घाई नको. तीन प्रकारचे नमुने कर, मगच जा. तिने वहीत लिहून घेतलं.

२२ जाने., बुध.
काल दिवसभर पिंपळगाव, निफाड. पाय सुजलेत. हॉलमध्ये पोचल्यावर आठवलं, चिठ्ठी नाही. दर बुधवारी दुसऱ्या कुणाला तरी एक गिऱ्हाईक लिहून द्यायलाच हवं, नाहीतर पडद्यावर नावापुढे शून्य. माझी आधीच दोन शून्यं. तिसऱ्याला अध्यक्ष नाव घेऊन 'प्रेमाने' विचारतात.
डोकं रिकामं. त्र्यंबकचा पेढेवाला तेवढा आठवला. लिहिला, शेजारच्या वाघला दिला. वाघ लग्नपत्रिका, कॅलेंडरं छापतो, त्यामुळे प्रज्ञाच्या आड येईल असं मनातही आलं नाही. टाळ्या मिळाल्या. सुटले.

२९ जाने., बुध.
वाघ उभा राहिला. 'शैलाताईंच्या चिठ्ठीमुळे त्र्यंबकचं काम मिळालं. नुसती छपाई नाही, डबेही आपणच देतोय, सातपूरहून करून घेऊन.' जोरात टाळ्या. मीपण वाजवल्या. दोन-तीन वाजवल्यावर कळलं आपण काय ऐकलं ते.
वाघचा काय दोष? चिठ्ठी मिळाली, तो गेला. प्रज्ञाला पाहुणी म्हणून महिन्यातून एकदाच येता येतं, आज नव्हती. बरं झालं, असं मनात आलं. शी!

३१ जाने., शुक्र.
प्रज्ञाचा फोन. तिन्ही नमुने घेऊन एसटीने त्र्यंबकला गेली होती. पेढेवाल्याने हातात घेऊन बघितले, चांगले आहेत म्हणाला. 'पण लय उशीर केला ताई, काम दिलं ना आम्ही.'
मला विचारते, 'मॅडम, माझं काय चुकलं? सांगा ना, पुढे उपयोगी पडेल.'
आणि मी काय म्हणावं? 'फॉलोअप कमी पडला तुझा.' वर 'धंद्यात असं होतंच गं' हेही. लिहायलासुद्धा लाज वाटतेय. थांब, आधी नमुने कर, हे सांगणारी कोण? मीच.

३ फेब्रु., सोम.
जेवताना ह्यांना सांगितलं. 'मग सांगून टाक तिला.' झालं, यांच्यासाठी विषय संपला. मग भाकरी मोडता मोडता म्हणाले, 'नऊ वर्षांत असल्या किती चिठ्ठ्या दिल्यास गं?' मी त्यांना भाजी वाढली. खरंच माहीत नाही.
कारखान्यात तीन गाड्या भरायच्या आहेत. फोन करायला वेळ नाही. म्हणजे आहे, पण...

१२ फेब्रु., बुध.
प्रज्ञा आली होती. तिलाही एक मिनिट. कागद न बघता बोलली. 'माझी पहिली मोठी ऑर्डर माझ्याच चुकीने गेली. फॉलोअप केला नाही. शैलामॅडमनी चूक दाखवून दिली, त्यांचे मनापासून आभार.' सगळे कौतुकाने माझ्याकडे बघायला लागले. वाघने लांबून अंगठा दाखवला. त्याला काय माहीत, बिचाऱ्याला. उपमा तसाच टाकून उठले.
खाली पार्किंगमध्ये गाठलं तिला. चिठ्ठी, वाघ, फोनवर खोटं बोलले ते, सगळं सांगितलं. ती हेल्मेट हातात धरून उभी. मग म्हणाली,
'चिठ्ठी दिली नसती तर काय झालं असतं, मॅडम?'
'नावापुढे शून्य लागलं असतं.'
'आणि?'
'आणि काही नाही.'
तिने हेल्मेट घातलं. चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं मला. गाडी काढली आणि गेली.

१५ फेब्रु., शनि.
आमची भेटीची वेळ अकराची. ऑफिसात बसून राहिले, आली नाही. तिच्या जागी मी असते तर मीही आले नसते.
चारला मेसेज आला. 'मॅडम, वडिलांनी सोमवारपर्यंत थांबतो म्हटलंय. वाघ सरांचे डबे सातपूरपेक्षा चांगले मी करून देईन. तुम्ही त्यांच्याशी बोला. आणि ते काम आधी कोणाचं होतं, कसं गेलं, तेही सांगा त्यांना.'
चार वेळा वाचला. एरवी प्रत्येक मेसेजमध्ये 'प्लीज' असतं तिच्या. यात नाही.
वाघला सांगायचं म्हणजे बुधवारी हॉलभर होणार. पुढची पोरगी कोण पाठवेल माझ्याकडे? आणि नाही सांगितलं तर ही सोमवारी क्लार्क.
वाघचा नंबर काढून ठेवलाय. तिला 'हो, बोलते' लिहिलंय. पाठवायचं राहिलंय.