वायर कापलेला हेडफोन

४ नोव्हेंबर, मंगळवार. विटा

पोचले! अब्बा कराडपर्यंत सोडायला आले होते. पाटणातल्या त्यांच्या शिलाईच्या दुकानाला त्यासाठी अर्धा दिवस कुलूप. लेकीला 'साउंड'ची नोकरी लागली, हे त्यांनी कंडक्टरलासुद्धा सांगितलं. मी खिडकीकडे तोंड करून हसत होते.

नानासोंचा बंगला गावाबाहेर, मोकळ्या माळावर. तीस वर्षं त्यांनी सेलमला सोनं गाळायचं दुकान चालवलं. आता ते पुतण्याकडे देऊन गावी राहतात. तळघरात त्यांनी लेकीसाठी स्टुडिओ बांधलाय. लेक शिवांजली, धनगरी ओव्या गाणारी. गेल्या वर्षी लग्न होऊन सेलमला गेली. तिनं गाऊन ठेवलेल्या नऊ ओव्यांचं मिक्सिंग मी करायचं. आवाज, ढोल, झांज, सगळं आपापल्या जागी नीट बसवायचं.

भामाबाईंनी, म्हणजे नानासोंच्या मालकिणींनी, हुलग्याचं माडगं केलं होतं. दोन वाट्या प्याले. तळघरात मोबाईलला रेंज नाही, म्हणून रोज पाचला गच्चीवरून कैफला फोन करायचा ठरलंय. धाकटा भाऊ असून फार काळजी करतो.

५ नोव्हेंबर

स्टुडिओत स्पीकर नाहीत. नानासोंनीच काढून टाकले. लेकीचा आवाज घरात घुमला की भामाबाईंना सोसवत नाही म्हणे. म्हणजे सगळं काम हेडफोनवर, आणि तो चुकीचा निवडला तर सगळंच चुकणार.

दिवसभर एकच ओवी तीन हेडफोनांवर ऐकली. माझा कॉलेजातला ढोल फुगवून ऐकवतो. त्याच्या भरवशावर ढोल कमी केला, तर लोकांच्या घरी तो मेल्यासारखा वाजेल. कपाटातला एक जड, कान गच्च झाकणारा. गाणाऱ्याला बरा, कारण आतलं माईकमध्ये झिरपत नाही. पण तासाभरात कान उकडून निघतात आणि आवाज डोक्यात कोंडतो. तिसरा मात्र सुंदर. मागून जाळी, उघडा. ढोल डावीकडे, झांज उजवीकडे, मधे ती. समोर उभी असल्यासारखी. खोलीतलं बारीकसारीकही त्यातून कानावर येतं, पण इथे खोलीत आवाज आहेच कुठला? हाच घेणार.

फक्त त्याची वायर तुटलेली होती. नानासो म्हणाले, उंदीर. उंदीर इतकं सरळ कापत नाहीत. भामाबाई हळूच म्हणाल्या की सांगलीचा जयराज माझ्याआधी या कामावर होता, त्यानं कापली आणि सहाव्या दिवशी निघून गेला. मी डाग देऊन जोडली.

६ नोव्हेंबर

काय गळा आहे! ओळ उचलण्याआधीचा तिचा श्वाससुद्धा ऐकू येतो. चार ओव्या जवळजवळ झाल्या.

पाचवीत ढोलाखाली ठकठक आहे. जड हेडफोनवर ऐकली तर नाही. माझ्या हेडफोनवरही नाही. फाईल तीच. खुर्ची हलली असेल.

७ नोव्हेंबर

सहावीतही तेच. ठकठक, मग लांबून बाईचा आवाज, "आवं आबा, दार काढा."

नेमकी जागा शोधायला गाणं थांबवलं. पडद्यावरची रेघ थांबली.

"दार काढा, आबा."

पिन उपसून हातात घेतली. तरी ठकठक चालूच. हेडफोन उतरवला की काही नाही. घातला की आहे. वाजतंय ते दारावर. माझ्या पाठीमागच्या दारावर, आतल्या बाजूनं.

पळत वर आले. कैफला काही सांगितलं नाही. काय सांगू?

८ नोव्हेंबर

भामाबाई भाकरी थापत होत्या. मी एवढंच म्हणाले, ती दार काढा म्हणते. त्यांचा हात थांबला.

"लगीन न्हाई झालं तिचं," त्या म्हणाल्या.

शिवांजलीला पुण्याला गाणं शिकायला जायचं होतं. नानासोंनी, म्हणजे तिच्या आबांनी, सेलमचं स्थळ ठरवलं होतं. ती हटली नाही, तेव्हा त्यांनी तिला खाली कोंडलं. व्हय म्हणशील तवाच दार काढीन, म्हणाले. तिसऱ्या दिवशी वीज गेली. आत हवा ओढणारा पंखा विजेवरच चालतो.

"आतला आवाज भाईर येऊ नये म्हनून तर खोली बांधलेली. ती हाका मारत व्हती आन् मी हितं वर शेंगा फोडत बसलेले गं."

दार उघडलं तेव्हा काय दिसलं, ते त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. गावाला सांगितलं, सेलमला दिली.

"सकाळच्या पयल्या गाडीनं जा पोरी. त्यास्नी सांगू नगंस."

९ नोव्हेंबर

बॅग भरून खाली आले तर नानासो जिन्याशी उभे. हात जोडलेले, डोळे लाल. किती झालंय तेवढं दाखव आणि जा, म्हणाले. त्या माणसाचा रागही आला आणि कीवही. कीव आली नसती तर बरं झालं असतं.

मी आत गेले. ते उंबऱ्यातच थांबले.

"ती रोज कानात म्हनती, माजी गानी पुरी करा. पुरी झाली की जाईल ती. तेवडं कर, पोरी. मग मीच तुला गाडीत बसवतो."

त्यांनी दार लोटलं, बाहेरून किल्ली फिरवली. आतून कडी नाही. कडीच्या जागी चार भोकं.

ओरडले. हात सुजले. वर भामाबाई असतील. काय ऐकू येणार त्यांना?

९, दुपार

आठ झाल्या. नववी उघडली. दोनच ओळी गायल्यात. पुढे ठकठक, मग खोकला, मग श्वास. वीज नसताना हे टिपलं कशानं? तो मोजत बसले. दोन श्वासांतलं अंतर वाढत जातं.

ही मी कशी पुरी करू?

१० असावी

वीज गेली. पंखा थांबला. मोबाईलच्या उजेडात लिहितेय, बारा टक्के.

कालचा पाचचा फोन चुकला. कैफ येणार. नक्की येणार—

नंतर

अंधारात हेडफोन घातला. पिन कुठेच लावलेली नाही. इथे दुसरं कोणी बोलायला तरी—

ती म्हणाली, तुजा भाऊ येऊन गेला. आबांनी सांगितलं, काल सकाळीच गाडीत बसवली. भाऊ स्टँडवर गेलाय शोधायला.

खोटं. खोटं बोलतेय.

तिनं त्याच्या शर्टाचा रंग सांगितला. अब्बांनी ईदला शिवलेला—

चार टक्के

हवा जड. ती जवळ. ओळ उचलायच्या आधीचा श्वास, डाव्या कानाशी

म्हणते तू गा, दोघी मिळून गाऊ

वर पावलं. दाराशी आली. ऐकतेय मी, खरंच. किल्ली फिरतेय. आबा, ती ओरडली, इतक्या आनंदानं—

आबा, दार काढू नगा. आता आमी दोघी— किल्ली थांबली

अम्मी मी हितं हाय मी हि