एकोणीस माणसांची सोय

मामा,

तुम्हाला पत्र लिहायला बसले आहे, पण हात अवघडतोय. पत्रं नेहमी तुमची असायची आणि अक्षर माझं. तुम्ही ओट्यावर बसून सांगायचं आणि मी दाराच्या आत बसून लिहायचं. सासऱ्यांना मामा म्हणतात म्हणून मी म्हणत आले, पण त्या पोस्टकार्डांपलीकडे आपण दोघं एकमेकांशी फारसं बोललो नाही. तुम्ही कमी बोलायचा आणि मी त्याहून कमी. आज तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाल्यावर मलाच काही सांगायचं आहे, आणि ते लिहून घ्यायला दुसरं कोणी नाही.

झालं असं की गेल्या रविवारी सगळे आपल्या घरी जमले होते. दिवाळीनंतर कोल्हापूरला जायचं चाललंय, दोन गाड्या करून. तुमची पणती, म्हणजे माझी नात, मोबाइलवर राहायची जागा शोधत होती. "चौदा जणांना परवडेल असं काही मिळतच नाही," ती म्हणाली, "जिथे बघावं तिथे एका खोलीत तिघं. मी नऊच टाकते. बाकीचे मागून घुसतील, कोण मोजतंय?" सगळे हसले. मी कोपऱ्यात लसूण सोलत होते. माझ्या तोंडून एकदम मोठ्याने निघालं, "चौदा टाक." सगळे माझ्याकडे बघायला लागले. नात म्हणाली, "आजी, वरचे पैसे तू भरणार का?" मी पुन्हा म्हटलं, "चौदा टाक," आणि उठून आत गेले. मागून जावई विचारत होते, आईंना काय झालं? काय झालं ते यांतल्या कोणालाच माहीत नाही. तुम्हाला माहीत होतं. ते तुम्ही कोणाला सांगितलं नाहीत, आणि मी तर नाहीच नाही.

मी लग्न होऊन भिवंडीजवळच्या शेलारला आले ते साल बहुतेक पंच्याहत्तर. कल्याणच्या घरात आम्ही चार माणसं. वडील कचेरीत कारकून. आमचा प्रवास म्हणजे एकदा माथेरानला गेलो तेवढाच, लॉजच्या एका खोलीत चौघं. आणि इथे लग्नानंतर देवीला जायचं तर सगळं घर निघणार. सासूबाई, तुम्ही, थोरले दीर, जाऊबाई, त्यांची दोन मुलं, धाकट्या वन्सं, लग्न झालेल्या दोघी वन्सं आपापल्या नवऱ्यांसकट आणि तीन मुलांसकट, तुमची विधवा बहीण, चुलत सासरे, ड्रायव्हर आणि आम्ही दोघं. तुम्ही ज्या कारखान्यात मुकादम होता तिथल्या शेठने कापडाच्या गाठी नेणारा ट्रक तीन दिवसांसाठी दिला होता. डिझेल आपलं. मला आठवतंय, जाऊबाई पंधरा दिवस आधीपासून भाकऱ्यांचं पीठ आणि सुकटीची चटणी यांचा हिशोब करत होत्या, आणि मी मनात म्हणत होते, हे सगळे लोक येणार?

राहण्याची सोय करण्याची तुमची एक पद्धत होती. लॉजचा प्रश्नच नव्हता, एवढ्या माणसांचं लॉज कोणाला परवडतं? धर्मशाळेत मोठं कुटुंब म्हटलं की व्यवस्थापक आधी तोंड वाकडं करतो. म्हणून तुम्ही माणसं धरून ठेवली होती. भिवंडीत लूमवर काम करून परत गावाला गेलेले लोक सगळीकडे होते. मालेगावला, इचलकरंजीला, सोलापूरला. त्यांच्या मुलींच्या लग्नाला तुम्ही जायचा, त्यांचं कोणी आजारी पडून मुंबईच्या इस्पितळात आलं की आपल्या पडवीत उतरायचं. आणि आपल्याला जायचं असलं की एक पोस्टकार्ड. त्या कार्डात तब्येत, पाऊसपाणी नंतर, पहिली ओळ माणसांची. "आकडा आदी सांगाचा," तुम्ही मला पहिल्याच कार्डाला बजावलं होतं. "आकडा आयकून जो ये म्हनल, त्याच्याकडंच जावाचं. न्हाय म्हनला तरी राग न्हाय." तुम्हाला अक्षरं वाचता येत नव्हती, पण आकडे येत होते. मीटरचे आकडे, लूमचे नंबर, सगळं झटकन वाचायचा. म्हणून कार्डात माणसं आकड्यातच लिहायची, असा तुमचा नियम. लिहून झालं की कार्ड हातात घ्यायचा, तेवढा आकडा बोटाने शोधायचा आणि मग, "वाच बगू." मी सगळं वाचून दाखवायचे. मग तुम्ही स्वतः जाऊन ते पेटीत टाकायचा.

सोलापूरचं कार्ड तुम्ही दुपारी सांगायला बसलात. तिथला तो विणकर सहा वर्षं तुमच्या हाताखाली काम करून गेला होता, आता घरातच दोन माग टाकून चादरी काढत होता. "लिव. आमी एकोनीस मानसं येताव. बाया सात, पोरं पाच. बापये ट्रकमदी निजतील. यक रात ऱ्हाऊन सकाली तुळजापूरला जाताव. जमत नसंल तर उलट टपाली कलव." मी लिहिलं. फक्त बाया-पोरांचे आकडे गाळले, आणि एकोणीसच्या जागी मी आठ लिहिलं, तेही आकड्यात नाही, अक्षरात. तुम्ही कार्ड हातात घेतलंत, बोट फिरवलंत आणि म्हणालात, "आकडा कुटं हाय?" मी म्हटलं, "अक्षरात लिहिलाय मामा. शाळेत असंच शिकवतात, तसं नीट दिसतं." तुम्ही कार्ड परत माझ्या हातात दिलंत. म्हणालात, "शिकलेली हायस, तुला म्हाईत. वाच बगू." आणि मी वाचलं, "आम्ही एकोणीस माणसं येत आहोत. बायका सात, मुलं पाच." जीभ अडखळली नाही. आजही मला त्याचंच जास्त वाटतं. लिहिताना हात चुकला म्हणता येतं. वाचताना मी काय म्हणू?

पंधरा दिवसांत सोलापूरहून उत्तर आलं. या, घर तुमचंच आहे. ते मीच तुम्हाला वाचून दाखवलं. त्यात आकडा नव्हता.

ट्रक पहाटे निघाला. खाली सतरंज्या, वर ताडपत्री, सगळीकडे कापडाच्या खळीचा वास. घाटात मुलं ओकली, वन्सं गाणी म्हणत होत्या, चुलत सासरे प्रत्येक चहाच्या टपरीला "इथं भजी चांगली मिलतात" म्हणत होते. दिवेलागणीला आम्ही त्या गल्लीत पोचलो. तो माणूस दारात उभा होता, धुतलेला शर्ट घालून. त्याने ट्रकचं फळकं खाली पडताना बघितलं आणि एकेक माणूस उतरताना बघत राहिला. मी सगळ्यांत शेवटी उतरले. त्याने तुमचे पाय धरले, सगळ्यांना "या, या, बसा की" म्हटलं. मग तुम्हाला जरा बाजूला घेऊन हळू आवाजात बोलला, पण अंगण केवढं, सगळ्यांना ऐकू गेलं. "मुकादम, पत्रात आठ लिहिलं होतं ना हो? खरं लिहिलं असतं तर समाजाचं कार्यालय मागून ठेवलं असतं. फुकट मिळतं आम्हाला, भांडी, सतरंज्या, सगळं. एक दिवस आधी सांगावं लागतं एवढंच. आता आज तिथं बारसं आहे कुणाचं तरी."

तुम्ही माझ्याकडे बघितलं. एकदाच. मी पदर सावरत जमिनीकडे बघत होते, तरी मला कळलं की तुम्ही बघितलंत. मग तुम्ही त्याला म्हणालात, "चुकी माजी हाय बाबा. सांगताना तोंडातून आठ निगलं."

तो हसला, वाईट हेतूने नाही, वेळ मारून न्यायला. "मुकादम, ताण्यात एक धागा तुटला तर तुम्ही चार मागांवरून ओरडायचा. आणि घरची माणसं मोजता आली नाहीत होय?"

पुरुष हसले. तुम्हीही हसलात. सासूबाई मात्र चिडल्या. "सगली अक्कल त्या लूमला घातली," त्या सगळ्यांदेखत म्हणाल्या, "परक्याच्या दारान् शरमिंदं केलं."

मला स्वयंपाकघरात बसवलं. त्यांनी आठ माणसांचा भात, आमटी, शेंगांची चटणी करून ठेवली होती. वर चार माणसं जेवतील एवढंच. त्याची बायको मुलीला शेजारी पाठवत होती, तांदूळ आणायला, मग पुन्हा पातेलं आणायला. मी तिच्याबरोबर भाकऱ्या थापायला बसले. तिचं मराठी मोडकं होतं. ती म्हणाली, "कार्ड तुमी लिवले? तुमचे मामा सांगत होते बाहेर, सून लिवते." आणि देवाच्या फोटोमागे खोचलेलं ते कार्ड काढून मला दाखवलं. "माझी मुलगी म्हणली, किती चांगला अक्षर." कार्ड माझ्यासमोर. आठ. मी म्हटलं, "हो, मीच लिहिलं." तेवढंच. आम्ही सगळे जेवलो. त्या घरातल्या बायका कधी जेवल्या, काय जेवल्या, मला माहीत नाही. रात्री बायका-मुलं आत दाटीवाटीने झोपलो. तिच्या म्हाताऱ्या सासूला शेजाऱ्यांकडे पाठवलं होतं.

दुसऱ्या दिवशी तुळजापूरला जाताना मी वाट बघत होते की तुम्ही मला बोलाल. रागवाल, निदान विचाराल. तुम्ही ड्रायव्हरशेजारी पुढे बसला होता. देवळात आमच्या जोडीची ओटी भरून झाली, तुम्ही आम्हा दोघांच्या डोक्यावर हात ठेवलात. माझ्या डोक्यावर आधी.

घरी परत आल्यावर चौथ्या दिवशी तुम्ही एक कोरं कार्ड घेऊन दाराशी आलात. "सोलापूरला लिव. तुमाला तरास झाला. आकड्याची चुकी माजी व्हती, मनात ठेऊ नको." मला तेव्हा लिहिता आलं असतं. एक ओळ घालायची होती, की चूक मामांची नव्हती, लिहिणारीची होती. तुम्हाला कळलंही नसतं. मी तुम्ही सांगितलं तसंच, शब्द न् शब्द लिहिलं. त्या वेळी मी अगदी इमानदार होते. वाचूनही तसंच दाखवलं. तुम्ही मान डोलावून कार्ड घेऊन गेलात. त्याचं उत्तर आलं नाही. पुढच्या वर्षी त्याच्या मुलीचं लग्न झाल्याचं दुसऱ्याच कोणाकडून कळलं. तुम्ही एवढंच म्हणालात, "झालं का? चांगलं झालं."

आणि घरात ती एक गंमतच होऊन बसली. पंगतीला पानं मांडताना तुम्ही मोजायला लागलात की तुमचा मुलगा, माझा नवरा, म्हणायचा, "बाबा, आठच ना?" दीर म्हणायचे, "बाबांचे आठ म्हंजे एकोनीस, भात जास्त टाका." नातवंडांनाही ते पाठ झालं, कुठून आलं ते माहीत नसताना. तुम्ही हसायचा. मीही पदराआड हसायचे, कारण न हसणारी मी एकटीच उरले असते तर कोणाच्या तरी लक्षात आलं असतं. हळूहळू तुम्ही मोजणं सोडलंत. माणसं किती, जागा कुठे, हे तुमची मुलं ठरवायला लागली. मालेगावला, इचलकरंजीला कार्डं गेली नाहीत. माझ्याकडे लिहायला यायचं मात्र तुम्ही सोडलं नाहीत. बहिणीला, जावयांना, शेठला, सगळी पत्रं शेवटपर्यंत माझ्याच हातची. पण आकडा बोटाने शोधायचं पुन्हा कधी केलं नाहीत. आणि मला "वाच बगू" म्हणायचं तेही थांबलं. माझ्यावर विश्वास होता म्हणून, की नव्हता म्हणून, हे मी ठरवू शकले नाही.

तुमच्या शेवटच्या आजारात मी एकदा तोंड उघडलं होतं. सकाळची वेळ, घरात दुसरं कोणी नव्हतं, मी तुम्हाला पेज भरवत होते. मी म्हटलं, "मामा, ते सोलापूरचं कार्ड..." तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "पेज निवतंय." मी चमचा पुढे केला. नंतर ते सांगायचं राहूनच गेलं, आणि मी सुटल्यासारखी झाले. तुमच्या दहाव्यालाही मला तेच आठवत होतं, आणि त्या सुटकेचीच लाज वाटत होती.

इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले की एकोणीस वाचून तो बिचारा घाबरला असता, नाही म्हणाला असता, तुमचा शब्द खाली पडला असता, म्हणून मी कमी लिहिलं. ते खरं नाही. शहरात वाढलेल्या मुलीला एवढ्या लोकांची लाज वाटली, हेही मी कधीकधी स्वतःशी कबूल करते. तेही पुरतं खरं नाही.

हे पत्र मी कोणाला दाखवणार नाही, आणि तुम्हाला पाठवायची सोय नाही. म्हणून इथे लिहून टाकते. आठ हा आकडा मी असाच लिहिला नव्हता. त्या दुपारी तुम्ही सांगत असताना मी माणसं निवडली होती. आम्ही दोघं, सासूबाई, दीर, जाऊबाई, त्यांची दोन मुलं, धाकट्या वन्सं. एवढ्यांना ते घरात घेतील, बाकीचे ट्रकमधून तसेच पुढे तुळजापूरच्या धर्मशाळेत जातील, असं मी ठरवलं होतं. त्या आठांत तुम्ही नव्हता, मामा.