कशाच्या दुप्पट?

३ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

वहिनीचा गुडघा कसा आहे? आमच्याकडे सगळं ठीक आहे असं लिहिणार होते, पण तुझ्यापासून लपवून मला चैन पडायचं नाही. माझ्या गळ्यात गाठ निघाली आहे. घाबरू नकोस, तपासणीत ती साधीच निघाली. पण डॉक्टर म्हणाले, काढून टाका. तशीच ठेवलीत तर पुढे बिघडण्याचा धोका दुप्पट. वर हेही म्हणाले, की काढताना आवाजाची नस दुखावण्याची ‘थोडी’ शक्यता आहे.

आवाजच गेला तर बसस्थानकाच्या त्या काचेच्या खोलीत बसून मी काय करू? माइकसमोर हातवारे? महिनाअखेर हो की नाही ते सांगायचंय. दुप्पट मोठं की थोडं मोठं, मला काही सुधरत नाही. ह्यांना विचारलं, तर म्हणाले, पन्नास-पन्नास टक्के. होईल किंवा होणार नाही. अशा माणसाबरोबर संसार केलाय मी! तू गणिताचा मास्तर, आता तूच सांग.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
धाकटी

९ मार्च

चि. भोंगाबाईस,
अ. उ. आ.

पत्र दोनदा वाचलं. पण अगं, यात विचार कसला करायचा? गाठ काढल्यावरचा धोका ‘क्ष’ धर, ठेवल्यावरचा दोन क्ष. दोन क्ष मोठा, म्हणून गाठ काढायची. संपलं.

इकडे आम्हाला ‘गणिती साक्षरता’ नावाच्या प्रशिक्षणाला बसवलंय. वर्तमानपत्रातला आकडा आणि औषधाच्या बाटलीवरचं माप पोरांना उमगलं पाहिजे म्हणे! मग आम्ही इतकी वर्षं वर्गात काय गोट्या खेळत होतो? मी मागच्या बाकावर बसून टिंगल करतो. तुझ्या वहिनीचा गुडघा तिच्या जिभेइतकाच चालू आहे, म्हणजे उत्तम.

काळजी करू नकोस, ती माझ्याकडे दे.

तुझा,
दादा

१३ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझा क्ष वाचून वाचून डोकं दुखायला लागलं. मी काय क्ष घेऊन गेले होते डॉक्टरांकडे? आणि माझ्या आवाजाचं काय? ते ‘थोडं’ तू हिशेबातच धरलं नाहीस. ह्यांना पत्र दाखवलं, तर म्हणाले, दादा म्हणतोय म्हणजे बरोबरच असणार. मला मात्र बरोबर वाटेना, आणि चूक कुठे आहे तेही सापडेना.

काल तंद्रीत मी चार नंबरच्या फलाटावरची गाडी दोनला लागतेय म्हणून सांगितलं. लोक बोचकी, पोरं घेऊन धावत सुटले. नियंत्रक असे खेकसले की डोळ्यांत पाणी आलं. दादा, मला भीती वाटते रे. मला समजेल असं काहीतरी लिही.

रागावले असले तरी तुझीच,
धाकटी

१९ मार्च

चि. भोंगाबाईस,
अ. उ. आ.

तुझं नाव न सांगता तेच गणित मी वर्गात घातलं. झाडून सगळ्यांनी क्षला क्ष काटला, उत्तर दोन लिहिलं आणि खाली रेघा ओढल्या. गुण द्यायला पेन उचललं आणि हात थांबला. त्या काटलेल्या क्षमध्ये तू होतीस. मीही तो तसाच काटून तुला पाठवला होता.

कशाच्या दुप्पट, हे कुणी विचारलंच नाही. शंभरातल्या एकीच्या दोघी झाल्या तरी दुप्पट, आणि चाळिसाच्या ऐंशी झाल्या तरी दुप्पटच! मी हे फळ्यावर लिहिलं, तर पोरांनी तेही उतरवून घेतलं आणि खाली रेघा ओढल्या. इतकी वर्षं शिकवलं ते नक्की काय, या विचाराने डोक्याचा भुगा झालाय. प्रशिक्षणात आता गुपचूप पुढच्या बाकावर बसतो.

तू डॉक्टरांना विचार: अशा शंभर बायकांत गाठ ठेवली तर कितींची बिघडते, काढली तर कितींची, आणि ‘थोडी’ म्हणजे शंभरात किती. अजिबात लाजू नकोस.

लोभ कमी केलास तर मारीन.

तुझा,
दादा

२५ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

विचारलं बाई एकदाचं! डॉक्टर आधी म्हणाले, आकडे कशाला हवेत तुम्हाला? मी उठेचना, तेव्हा नीट सांगितलं. ठेवली तर शंभरातल्या चौघींच्या ती जिवावर बेतते, काढली तरी पुन्हा उगवून दोघींच्या. आणि काढताना तिघींचा आवाज कायमचा बसतो.

मग काचेतून बाहेर बघत मी त्या शंभरजणी फलाटावर उभ्या केल्या. चौघी बाजूला घेतल्या, तरी केवढी मोठी रांग उरली! दादा, पहिल्यांदाच गणित कळलं. पण कळलं आणि गोंधळ वाढला. आधी आकड्यांना घाबरत होते. आता आकडे लख्ख दिसतात, पण त्या रांगेत मी कुठे उभी आहे, ते कुणीच सांगत नाही. एकीकडे काढल्याने वाचणारा दोघींचा जीव, दुसरीकडे तिघींचा आवाज. जिवातून आवाज वजा कसा करायचा, आहे का तुमच्या पुस्तकात?

मी थांबायचं ठरवलंय. डॉक्टर दर सहा महिन्यांनी तपासतील. योग्य केलं ना रे?

धाकटी

३० मार्च

चि. भोंगाबाईस,
अ. उ. आ.

तुझं गणित बरोबर आहे, पैकीच्या पैकी गुण. ती वजाबाकी मात्र कुठल्याच पुस्तकात नाही.

योग्य केलंस का, ते मला सांगता येत नाही. वर्ग सुटल्यावर मीही तुझ्या शंभरजणी फळ्यासमोर उभ्या केल्या. चौघींना बाजूला घ्यायला गेलो, तर प्रत्येकीला तुझाच चेहरा. एकीलाही हात लावता येईना. शंभरात चार म्हणजे थोडे, हे मी कुणालाही पटवून देईन गं, फक्त मला ते पटत नाही.

पहिल्या तपासणीला मी येतोय. काही समजावून सांगणार नाही, नुसता बाहेर बाकावर बसून राहीन.

तुझा,
दादा