यहूदाची बाजू

२ मार्च १९९४, बुधवार
ठरलं. उत्तम शुक्रवारच्या नाटकात यंदा यहूदाला बोलू देणार. दरसाल येतो, प्रभूचा मुका घेतो, धरून देतो, जातो. लेकरंसुद्धा त्याला शिव्या घालतात. यंदा गळफासाआधी दोन पानं भाषण. काम मीच करणार, दुसरं कोण तयार होतंय!
दिवसभर शिलाई मशीनवर. गिऱ्हाईक सोडून कुणाशी बोललो न्हाई.

६ मार्च, रविवार
उपासना झाल्यावर पाळकसाहेबांना वाचून दाखवलं. म्हणले, "दानिएल, हे यहूदाचं हाय का तुमचं?" मी पानांची घडी घालायला लागलो. मंग म्हणले, "करा. पण शास्त्राच्या बाहेर जाऊ नका."
साहेबांना माहीत हायच. त्यांनाच तर मी सांगितल्तं. याकोब तवा आपल्या चर्चच्या मंडळीचा प्रचारक, माझा लहानपणचा दोस्त. त्याच्या पोरीचं, सुमनचं लग्न टेंभुर्णीला, हिंदू पोराशी, अक्षता टाकून. चोरूनच, मंडळीच्या नियमात ते बसत न्हाई. मंडळीतून एकट्या मला बोलावलं. "दानू, तू तर घरचाच." गेलो, अक्षता टाकल्या, बुंदी खाल्ली, पोरीला साडी दिली. तिसऱ्या दिवशी येऊन साहेबांना सांगून टाकलं.
याकोबचं प्रचारकाचं काम गेलं, प्रभुभोजनाची भाकर बंद. रूथवहिनीला घेऊन भोकरदनला गेला. चार वर्षं झाली. तवापासून चुगलखोर म्हणून लोक माझ्याशीही बोलेनात.

११ मार्च
का सांगितलं? नियम म्हणजे नियम, असं लोकांना म्हणत आलो. खोटं. ती प्रचारकाची जागा मला पाहिजे होती, त्याला भेटली. जळत होतो.
भाषणात हे न्हाई. तिथं यहूदा म्हणतो, 'मला वाटलं, प्रभू आपला आपण सुटून येईल.' ऐकायला बरं वाटतं.

२० मार्च, रविवार
तालीम. पेत्राचं काम करणारा अडून बसला. "प्रभू सोताच्या हातानं यहूदाला घास देतो? काढा ते." म्हणलं, बाबा, योहानाचा तेरावा अध्याय काढ, वाच. वाचला, परत जागेवर जाऊन बसला. आपल्यात पाहुण्याला बळंच घास भरवतात तसं प्रभूनं भाकर वरणात बुडवून माझ्या तोंडाशी धरली. घास गालातच धरून बसलो. सगळे हसले.
घरी येऊन याकोबला कार्ड लिहिलं. 'नाटक हाय. ये.' तीन फाडली, चौथं पेटीत टाकलं.

१ एप्रिल, उत्तम शुक्रवार
झालं नाटक. भाषणाला बायका हमसून हमसून रडल्या. कुणीतरी म्हणलं, "बिचारा यहूदा!" चार वर्षांत पहिल्यांदा लोकांनी माझ्याशी हात मिळवला. खोटं कशाला लिहू, लई बरं वाटलं.
याकोब आल्ता! मागं, भिंतीशी. दाढी पांढरी झालीय. लोकं पांगल्यावर जवळ गेलो. म्हणलं, कसं वाटलं?
"काम बराबर केलंस."
मंग चपला घालता घालता म्हणला, "तुझा यहूदा दोन पानं रडला, दानू. ज्याला धरून नेलं, त्याच्याकडून घास भरवून घेतलास, त्याला बोलू काय दिलंस?"
मी म्हणलं, याकोब, मी...
"माझी बस हाय." गेला.

३ एप्रिल, ईस्टर
सगळे एकमेकांकडं जेवायला. मला पेत्रवाल्यानं बोलावल्तं, गेलो न्हाई. वही घेऊन बसलो. याकोबचं काम गेलं त्या रात्री त्याच्या घरात काय झालं असंल ते लिहायचं म्हणून. वहिनी काय म्हणल्या असतील? सुमनला कसं कळवलं? एक ओळ जमली न्हाई. मला काय माहीत? चार वर्षांत विचारलंच न्हाई मी.

५ एप्रिल, मंगळवार
सकाळच्या बसनं भोकरदन. घर विचारत विचारत सापडलं. वहिनींनी दार उघडलं, पाणी दिलं. "ते गावाला गेलेत," म्हणल्या, खाली बघून. आतून याकोब खोकला. दोघांनीही ऐकलं.
म्हणलं, वहिनी, त्यांना सांगा, नाटकाचं बोलायला आलो न्हाई. साहेबांना सांगितलं मी ते जळून सांगितल्तं. नियमाचं खोटं होतं.
वहिनी आत गेल्या. दार उघडंच ठेवलं, पण या म्हणल्या न्हाईत. मी बाहेर ओट्यावर बसलोय, इथंच लिहून राह्यलो. परतीच्या दोन बस गेल्या.