गाय विळा घेऊन चरत नाही

मी, खाली सही करणारी, वय वर्षे चौसष्ट, चारा-तपासणी प्रयोगशाळेतून निवृत्त, हे मृत्युपत्र कोणीही भरीस न घालता लिहीत आहे. मन ठिकाणावर आहे, पाय नाहीत. दोन ओळी झाल्या की उठून खिडकीतून डोंगराकडे बघून येते.

१. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक माझ्या पुतणीला. ती आता प्रयोगशाळेची प्रमुख आहे, तिच्या वडिलांच्याच खुर्चीत बसते. मागच्या दाराची कडी जरा वर उचलून लावावी लागते.

२. विळा दादाला, म्हणजे तिच्या वडिलांना. का, ते त्याला ठाऊक आहे, इतरांसाठी लिहिते. दादा प्रमुख असताना डोंगरावरच्या आणि नदीकाठच्या कुरणांचा तक्ता मी केला. दर महिन्याला दोन्हीकडचं गवत मुळाशी कापायचं, वाळवायचं, दळायचं, तपासायचं. कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टरांनी वळण लावलेल्या अक्षरात मी लिहिलं: उन्हाळ्यात डोंगरावरचा चारा निकृष्ट. त्यावरून हुकूम निघाला. एकोणीस वर्षं दर उन्हाळ्यात डोंगरावरची गुरं आठ दिवस चालवत नदीकाठी नेतात.

मी गवत कापताना डोंगरावरचा गुराखी हसायचा. "बाई, गाय काय विळा घेऊन चरते?"

"तुम्ही गुरं सांभाळा, तपासणीचं आम्ही बघतो," मी म्हणाले. त्या वाक्याची लाज अजून जात नाही.

दादा निवृत्त व्हायच्या आदल्या वर्षी मी त्या गुराख्याच्या एका गायीमागे हिंडले. ती जे तोडेल तेवढंच हाताने खुडलं: कोवळी पाती, झुडपांचा पाला, वाळक्या शेंगा. काड्यांना तिने तोंडही लावलं नाही. मी मात्र इतकी वर्षं काड्याच दळत होते. मग नदीकाठीही तसंच केलं. भर उन्हाळ्यात डोंगर सरस निघाला. नदीकाठचं उंच, राठ गवत पोट भरतं, अंगी लागत नाही. परतीच्या वाटेवर वासरं बसतात. काही उठत नाहीत.

दादा म्हणाला, "छापलेला तक्ता एका गायीच्या लहरीवर बदलू? गप्प बस."

पावसात माझं दप्तर स्वतःच्या सदऱ्यात धरून मला शाळेत सोडणारा हाच दादा, म्हणून गप्प बसले. विळा त्याने भिंतीला टांगावा. मी आहे तोवर रविवारी जेवायला मात्र येत राहावं.

३. तराजू व चाळण्या गुराख्याला. हे कलम रद्द. साक्षीदाराला काही देता येत नाही, असं वकील म्हणतात. गुराखी म्हणाला, "तराजू राहू दे, बाई. मी सही करतो. माझं म्हणणं एकदा तरी कागदावर येऊ दे."

४. खुडलेल्या चाऱ्याची वही पुतणीला. ती मी गेल्यावर उघडावी, असं काल लिहिलं होतं. आज गुराखी सहीला आला आणि म्हणाला, "सोमवारी गुरं घेऊन निघतोय." त्याच जुन्या गायीची नात व्यायली आहे. वासरू अकरा दिवसांचं आहे. माझ्या मरणाची वाट बघायला त्याला सवड नाही.

म्हणून या कलमापुरती मी गेले असं समजावं. वही आज दुपारीच पुतणीच्या हातात मी स्वतः देईन, आणि तक्ता माझ्याकडून चुकला असं लिहिलेलं पत्रही. हुकूम मागे घेणं तिच्या सहीवर आहे. पोरी, बाबांना विचारत बसू नकोस.

ठिकाण: स्वयंपाकघरातलं मेज
दिनांक: ३ मार्च, गुरुवार

(सही) मृत्युपत्र करणारी

साक्षीदार:
(सही) शेजारच्या शिंपीणबाई
(सही) गुराखी. सहीखाली त्याने आपल्या हाताने लिहिलं आहे: "मी तेव्हाच सांगितलं होतं."